नातवंडासाठी खणांचा पलंग: तुमचे अनुभव लिहा

नातू 4 वर्षांचा झाला, आता त्याला स्वतःचा पलंग हवा. पुण्यातल्या आमच्या छोट्या घरात खेळणी, दुलया, पावसाळी कपडे ठेवायला पलंगाखालच्या जागेसारखी सोय दुसरी नाही. निवृत्तीनंतर मी सुतारकाम शिकलो, तेव्हा पलंग मीच करणार. आराखडा असा: गादी 6 बाय 3 फूट, जमिनीपासून गादीच्या माथ्यापर्यंत 16 इंच, पुढून दोन मोठे खण. ज्यांनी असा पलंग घरी केलाय किंवा समोर बसून करून घेतलाय, त्यांनी मोकळेपणाने लिहा. खर्चापेक्षा वापरताना काय जाणवलं ते जास्त हवं आहे.

आजोबा, रत्नागिरी

कोकणात आधी दमट हवेचा विचार करावा लागतो. आमच्या माळ्यावर वडिलांनी जपलेल्या फणसाच्या फळ्या होत्या. रंधा मारला आणि आतून हळदीसारखा पिवळा रंग निघाला. हवा लागत जाते तसा तो तांबूस तपकिरी होतो. रंध्याखाली पडणारी कुरळी सालपटं नात बांगड्या म्हणून हातात चढवून घरभर हिंडली. जरा जोर लागला की तुटायची, की लगेच नवीन घ्यायला हजर.

आता कामाचं. उन्हाळ्यात खण अगदी नेमका बसवला, तर आषाढात लाकूड फुगून तो हलतसुद्धा नाही. म्हणून खणाचा दर्शनी भाग चौकटीच्या आत न घेता चौकटीवर झाकणासारखा ठेवा आणि बाजूंना फट सोडा. तळ जमिनीपासून 3-4 इंच वर घ्या. पाठच्या फळीला भोकं पाडा आणि पलंग भिंतीला चिकटवू नका. आत हवा खेळली नाही तर दुलयांना बुरशी धरते. पावसाळ्यात उघडीप मिळाली की आम्ही खण बाहेर काढून गॅलरीत ठेवतो.

आजी, नागपूर

आमच्याकडे वाद झाला तो खण की वरून उघडणारा दिवाण यावर. जावयांना गॅस पंपाने, म्हणजे आत गॅस भरलेल्या दांड्यांनी, वर उचलली जाणारी फळी हवी होती. मी स्पष्ट नाही म्हटलं. पंप फळी आणि गादी यांच्या एकूण वजनावर निवडतात. मुलाची गादी हलकी, त्यामुळे पंप जास्त ताकदीचा लागला तर फळी खाली नीट बसतच नाही. शिवाय वरची गादी हलवल्याशिवाय 5 वर्षांच्या मुलाला स्वतःचं खेळणं काढता येत नाही. त्याला स्वतः काढता आलं तरच ते तो स्वतः परत ठेवेल, हे माझं ठाम मत.

ज्यांना दिवाणच करायचा आहे त्यांनी झाकणाला बाहेरून कडी लावू नये आणि हवेसाठी भोकं ठेवावीत. लपाछपीत मुलं आत शिरतात. या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

सांगलीहून, पेशाने सुतार

चौकट सागाची करणार असाल तर वखारीत फळी उलटून बघा. कडेचा पांढरा भाग नको, कीड तिथेच लागते. मधला तपकिरी गाभा टिकतो. प्लाय घेणार असाल तर पाऊण इंची, आणि जिथे फरशी पुसताना पाणी लागतं तिथे आयएस 710 शिक्क्याचाच, म्हणजे पाण्यात टिकणारा. खणाचा तळ नुसता खालून खिळ्यांनी ठोकू नका. चारी बाजूंना खाच पाडून त्यात सरकवा. मुलं उघड्या खणात उभी राहतात, राहणारच. सगळे कोपरे गोल करून घ्या.

धागाकर्ता: खाचेचं पटलं, तसंच करतो. दर्शनी भागाची फटही आराखड्यात घातली.

न्यू जर्सीत लेकीकडे आलेला आजोबा

इथे पाइनचं लाकूड दुकानात तयार मिळतं. पण ज्याला टू बाय फोर म्हणतात त्या पट्टीचं खरं माप दीड इंच बाय साडेतीन इंच असतं, तेव्हा कागदावरचा हिशेब पट्टी मोजूनच करा. लेकीचं घर भाड्याचं, म्हणून मुख्य सांधे डिंकाने न चिकटवता बोल्टने केले. पलंग सुटा होऊन गाडीत मावला पाहिजे. कठड्याच्या पट्ट्यांमधली फट साडेतीन इंचांहून कमी ठेवली. मुलाचं अंग त्यातून सरकून डोकं अडकू नये म्हणून. भोकं मी पाडली, बोल्ट नातीने फिरवले. कुणी पाहुणा आला की ती आपले बोल्ट दाखवते.

आजी, मुलुंड

पॉलिशबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आम्ही चपड्याचं, म्हणजे लाखेचं, स्पिरिट पॉलिश हाताने लावलं. लवकर वाळतं आणि ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा लावता येतं. खणांच्या आतल्या बाजूलाही हात फिरवा, नाहीतर कपड्यांना भुसा लागतो. वास पूर्ण जाईपर्यंत मूल त्या खोलीत झोपवू नका. आणि पाण्याचा पेला पलंगावर ठेवू देऊ नका, चपड्यावर पांढरे डाग पडतात.