मदत हवी आहे: बंद चिरेखाणीत पाणी टिकवायचं कसं?

मालवण तालुक्यात आमच्या सामाईक जमिनीत अर्ध्या एकराची, दोन पुरुष खोल चिरेखाण (जांभ्या दगडाचे चिरे काढलेली खाण) आहे. परवाना संपला, खाणवाला खड्डा तसाच टाकून गेला. पावसात तुडुंब भरते. पण सच्छिद्र जांभाच तो, पाणी झिरपून शिमग्याआधी तळ दिसतो. तळाला चिकणमाती चोपून पाहिली, पाणी बाजूच्या भेगांतून जातंच. शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद चिऱ्यांच्या धारेवर फाटला. डबर टाकून बुजवा असं सुचवू नका, खालच्या अंगाला पिण्याची विहीर आहे. गुरांसाठी कुंपण केलंय. सातबारावरचे सगळे तयार आहेत.

भिंतींना नेमकं काय लावावं? की पाण्याचा नाद सोडून माती भरून काजू लावावेत, आणि किती थर लागेल? खाणबाधित गावांसाठीचा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाजगी जमिनीतल्या अशा कामाला कुणाला मिळालाय का?