तीनदा पडलेत, आता तरी बसा म्हणे!

सिडकोकर : काल एका ग्रुपवर आलेली पोस्ट वाचून डोकं सणकलं. आमच्या भागातले सर विधानसभेला अपक्ष म्हणून तीनदा पडले, तिन्ही वेळा अनामत गेली, तरी पुन्हा तयारीला लागलेत. अशा 'हौशी' माणसांनी मतं खाऊ नयेत, घरी बसावं, असा त्या पोस्टचा सूर.

मतं खाऊ नयेत म्हणजे? मतं काय कुणाच्या सातबाऱ्यावर चढलीत? वैध मतांच्या एक षष्ठांश मतं पडली नाहीत की अनामतीचे दहा हजार गेले. अपक्षाला दहा सूचक लागतात, मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला एक पुरतो. यंत्रावर नाव पक्षवाल्यांच्या खाली. चिन्ह मिळतं माघारीची मुदत संपल्यावर, मग पंधरवड्यात ते घरोघरी पोचवायचं. आणि मतं कुणाकडे कायमची राहतात? २००९ ला नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम तिन्ही मनसेकडे, २०१४ ला तिन्ही भाजपकडे. नाशिक मध्यला वसंत गिते २००९ ला जिंकले, २०१४ आणि २०२४ ला हरले. त्यांना कुणी म्हणालं का हौशी?

पंचवटीकर : गिते महापौर होते, आमदार होते. तुमच्या सरांनी साधी नगरसेवकाची निवडणूक लढवली नाही. डायरेक्ट विधानसभा! मालेगाव मध्यचा निकाल २०२४ ला १६२ मतांनी लागला. असल्या ठिकाणी पाचशे मतं घेऊन बसणारा काय करून जातो ते तुम्हाला कळत नाही, असं नाही.

सातपूरवाला : नगरसेवक व्हायचं कुठून? मनपाची मुदत मार्च २०२२ ला संपली, मग तीन वर्षांहून जास्त प्रशासक. त्या काळात आमच्या गल्लीतला खड्डा कुणाला दाखवायचा तेच कळेना. फोन केला की 'साहेब मीटिंगमध्ये'. आधी त्यावर बोला.

पंचवटीकर : खड्ड्याचा धागा वेगळा काढा हो.

दिंडोरीचा : मतं खाणं बघायचंय ना? २०२४ ची लोकसभा आठवा. आमच्या दिंडोरीत शरद पवारांच्या पक्षाचे भास्कर भगरे, त्यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्याच आडनावाचा एक अपक्ष, त्याचं चिन्ह नुसती तुतारी. ना सभा, ना गाडी, आणि मतं एक लाखाच्या वर! आमची आजी मतदान करून आली, म्हणाली तुतारीला दिलं. कोणत्या तुतारीला, विचारलं तर माझ्यावरच खेकसली, "तुतारी किती असत्यात रे?" तुमचे सर बिचारे स्वतःच्या नावावर मतं मागतात.

पंचवटीकर : भगरे तरीही लाखावर मतांनी निवडून आले. मग रडगाणं कशाला?

दिंडोरीचा : म्हणजे चोर पकडला गेला तर चोरी माफ?

गंगापूररोड : चिन्ह नीट न बघता बटण दाबणाऱ्या अडाणी मतदारांचं काय करायचं, ते सांगा आधी.

दिंडोरीचा : अडाणी कुणाला म्हणता? व्यापाऱ्याने द्राक्षाच्या पेटीमागे किती कापले ते आजी तोंडी सांगते. तुमच्या सोसायटीतले किती जण मतदानाला उतरतात, ते आधी मोजा.

गंगापूररोड : आजींना नाही म्हणालो. शब्द मागे. सोसायटीचं मात्र काढू नका.

सिडकोकर : आजी राहू द्या, सरांवर या.

हिशेबवाली : सरांवरच येते. गेल्या वेळी त्यांचा खर्च मी लिहायचे. मर्यादा चाळीस लाखांची, सरांचा आकडा त्याच्या जवळपासही नव्हता. तरी रोजचं रजिस्टर, निवडणुकीचं वेगळं बँक खातं, चहाचा कपसुद्धा निवडणूक शाखेच्या दरपत्रकाप्रमाणे लावायचा. एका रात्री भोंग्याच्या रिक्षाचं बिल सापडेना. सरांच्या बायकोने, काकूंनी, डब्यातून काढून दिलं. त्याच डब्यात सोनाराची पावती होती, पाटल्या गहाण ठेवल्याची. सरांना वाटतं ते पैसे काकूंच्या भावाने दिले. उभं राहायचा हक्क सरांचा आहे, मान्य. काकूंना कुणी विचारलं का?

पंचवटीकर : घ्या! मी तीन तास हेच सांगतोय.

सिडकोकर : तुम्ही मतं खाण्याचं सांगत होता, काकूंचं नाही. आयतं श्रेय घेऊ नका. पण ताई, तुमचं पटलं. पाटल्यांचं माहीत नव्हतं.

पंचवटीकर : बरं, उभे राहा म्हणावं सरांना. शंभर वेळा राहा. आधी वॉर्डातून राहिले तर मी स्वतः पत्रकं वाटीन. चहाचे पैसे न लावता.

हिशेबवाली : तोही लावावा लागतो. आणि निकालानंतर तीस दिवसांत हिशेब दिला नाही तर आयोग तीन वर्षं अपात्र ठरवू शकतो.

सिडकोकर : या खेपेला रजिस्टर कोण लिहिणार मग?

हिशेबवाली : मी नाही. काकूंना विचारा.