सायक्लिक व्होल्टॅमेट्री: शिखरांतले अंतर वाढते आहे, रोधावर उपाय सुचवावा

निळी_शाई:
डायक्लोरोमिथेनमध्ये ०.१ मोलार टेट्राब्युटिलअमोनियम हेक्साफ्लुरोफॉस्फेट घालून, ३ मिमी व्यासाच्या ग्लासी कार्बन इलेक्ट्रोडवर मी १ मिलिमोलार संयुगाचे व्होल्टॅमोग्रॅम (विभव पुढे-मागे फिरवून घेतलेले प्रवाहाचे आलेख) घेत आहे. स्कॅनचा वेग १०० मिलिव्होल्ट प्रतिसेकंद असताना दोन शिखरांत १०५ मिलिव्होल्टचे अंतर येते आणि ५०० ला ते १६० वर जाते. इलेक्ट्रॉन हस्तांतरण खरोखर मंद आहे, की मी द्रावणाचा रोधच मोजतो आहे? खर्च एका इलेक्ट्रोडपुरताच शक्य आहे; कृपया नवा पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडचा विभव नियंत्रित करणारे उपकरण) सुचवू नये.

धनाग्र:
विनंती वाचली, तरीही पोटेन्शिओस्टॅटच बदला असे सांगेन. आमच्या नव्या उपकरणात इम्पिडन्सने (प्रत्यावर्ती विभव लावून) रोध मोजला जातो आणि रोधात वाया जाणाऱ्या विभवाची भरपाई आपोआप होते, त्यामुळे गेल्या वर्षभरात मला हा प्रश्न पडलेलाच नाही.

तिसरे_टोक:
भरपाईबाबत सावध राहावे. मी ती पूर्ण शंभर टक्के लावली, तेव्हा यंत्रणा आंदोलित झाली आणि आठवडाभर खपून इलेक्ट्रोडवर चढवलेला थर काही क्षणांत गेला. आता ८५ टक्क्यांच्या पुढे मी जात नाही.

मीठ_आणि_द्रावक:
संदर्भ इलेक्ट्रोडचे (ज्याच्या तुलनेत विभव मोजतो त्याचे) सच्छिद्र टोक तपासा. माझे टोक तुंबले होते, ते बदलताच आलेख सुधारला.

ओहमपंथी:
तुमचा अनुभव खरा असेल, पण कारण वेगळे आहे. संदर्भ इलेक्ट्रोडमधून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, म्हणून त्याच्या रोधाने शिखर थेट सरकत नाही. तुंबलेल्या टोकाने गोंगाट आणि अस्थिरता मात्र नक्की वाढते. त्याचे टोक कार्यकारी इलेक्ट्रोडच्या (इथे ग्लासी कार्बनच्या) जवळ आणल्यास भरपाई न झालेला रोध घटतो, पण टोकाच्या व्यासाच्या दुपटीहून जवळ नेऊ नये, नाहीतर पृष्ठभागावर त्याची आड येते.

मूळ प्रश्नाचा हिशेब असा: शिखराशी प्रवाह सुमारे २७ मायक्रोअँपिअर आणि रोध ८०० ओहम धरला, तर २२ मिलिव्होल्ट वाया जातात. ऑक्सिडीकरणाचे शिखर तेवढे धन बाजूला आणि क्षपणाचे ऋण बाजूला सरकते, म्हणजे २५ अंश सेल्सिअसला अपेक्षित असलेले ५७ मिलिव्होल्टचे अंतर शंभरावर जाते. वेग वाढवल्यावर मंद हस्तांतरणही हुबेहूब असेच दिसते, म्हणून केवळ वेग बदलून निर्णय लागणार नाही. संहती कमी करून पाहा: हस्तांतरणाचा वेग मंद असेल तर अंतर तसेच राहील, रोधाचा दोष असेल तर प्रवाहाबरोबर घटेल. त्यानंतर १ मिमीचा इलेक्ट्रोड घ्या. प्रवाह नवव्या हिश्श्यावर येतो, रोध तिप्पट होतो, त्यामुळे चूक एक तृतीयांश उरते.

धनाग्र:
लहान इलेक्ट्रोडला माझाही दुजोरा, मात्र थेट मायक्रोइलेक्ट्रोडच घ्यावा. नॅनोअँपिअरच्या प्रवाहात हा प्रश्न उरतच नाही.

तिसरे_टोक:
मीही लहान इलेक्ट्रोडच सुचवेन. फेरोसीनही (ज्याचे इलेक्ट्रॉन हस्तांतरण वेगवान असते असे संदर्भ संयुग) त्याच द्रावणात तपासून पाहावे.

निळी_शाई:
सर्वांचे आभार. संहती ०.२५ मिलिमोलार केली, तेव्हा १०० च्या वेगाला अंतर ७० वर आले, आणि तितक्याच संहतीचे फेरोसीनही ६९ दाखवते. म्हणजे रोधच होता. सगळ्यांचा कल लहान इलेक्ट्रोडकडे आहे, तरी मी तो घेणार नाही आणि भरपाईही बंदच ठेवीन, कारण याच ३ मिमीच्या इलेक्ट्रोडवरची जुनी मोजमापे मला तुलनेसाठी हवी आहेत. पुढचे सगळे स्कॅन ०.२५ मिलिमोलारलाच घेईन आणि प्रत्येक आलेखासोबत त्याच दिवशीचे फेरोसीनचे अंतर नोंदवीन. धारितेचा (इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग भारित होताना वाहणारा) पार्श्वप्रवाह आता तुलनेने मोठा दिसतो, त्यामुळे कोऱ्या द्रावणाचा आलेख रोज वजा करावा लागेल. ते काम मला मान्य आहे.