१९८९चे डबल-वाइड घ्यावे की २०१९चे सिंगल-वाइड?

केवडा:

नमस्कार. आम्ही दोघे टेक्सासच्या ब्राझोरिया काउंटीत भाड्याने राहतो. जागेवर बांधलेले घर आवाक्यात नसल्यामुळे मॅन्युफॅक्चर्ड होम, म्हणजे कारखान्यात तयार होऊन ट्रकने आणून बसवलेले घर, घेण्याचा विचार आहे. पहिला पर्याय १९८९च्या डबल-वाइडचा (दोन भाग शेजारी जोडून केलेल्या रुंद घराचा) असून त्यासोबत त्याखालची एक एकर जमीनही मिळते. दुसरा २०१९च्या सिंगल-वाइडचा, म्हणजे एकाच भागाच्या अरुंद घराचा. ते अशाच घरांच्या एका पार्कमध्ये (वसाहतीत) आहे, तिथे जागेचे भाडे दरमहा वेगळे द्यावे लागेल. दोन्हींच्या किमती जवळपास सारख्या आहेत. जुन्याची कपाटे, गालिचे पार थकलेले दिसतात, तर नवे घर अगदी चकचकीत आहे. नवऱ्याचा कल नव्याकडे आहे आणि मला जमिनीचा मोह सुटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कडीपाट:

मी घरांच्या तपासणीचे काम करतो, त्यामुळे फक्त घराविषयी लिहितो. पैशाचे इतर कोणी सांगतीलच. या घरांच्या बाबतीत वय किती यापेक्षा ते कोणत्या तारखेच्या आधीचे वा नंतरचे आहे याला अधिक महत्त्व असते. पहिली तारीख १५ जून १९७६. त्या दिवसापासून अमेरिकी सरकारच्या गृहनिर्माण खात्याची, म्हणजे ‘हड’ची, बांधकाम-संहिता देशभर लागू झाली, त्याआधीच्या घरापासून मी कोणालाही दूरच राहायला सांगेन. दुसरी तारीख १३ जुलै १९९४. १९९२च्या अँड्र्यू चक्रीवादळात अशा घरांची जी धूळधाण झाली, तिच्यामुळे वाऱ्याचे नियम कडक करण्यात आले आणि देशाचे तीन वायुविभाग पाडले गेले. ब्राझोरिया किनाऱ्यावर असल्याने दुसऱ्या विभागात येते. तुमचे १९८९चे घर पहिली परीक्षा उत्तीर्ण होते, दुसरी नाही. किनाऱ्यालगत ही उणीव किरकोळ मानू नये. नवे घरही कोणत्या विभागासाठी बांधले आहे ते त्याच्या डेटा प्लेटवर वाचा. हा कागद बहुधा स्वयंपाकघरातील कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस, विजेच्या पॅनेलजवळ किंवा बेडरूमच्या क्लॉझेटमध्ये चिकटवलेला असतो.

कपाटांकडे आणि गालिच्यांकडे लक्ष देऊ नका, ते बदलता येतात. जुन्या घराचा खरा शत्रू पाणी. त्या काळी घरातल्या जमिनीसाठी बऱ्याचदा पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) वापरत, आणि ते एकदा भिजले की फुगते व नंतर भुगा होते. कमोडभोवती, वॉटर हीटरच्या कोनाड्यात आणि बाहेरच्या दारांपाशी सावकाश, पूर्ण वजन टाकून चालून पाहा. पाय किंचित जरी खाली गेला तरी तिथले आच्छादन उचलून दाखवायला सांगा. दोन भाग जिथे जोडलेले असतात त्या रेषेवर, छताला डाग आहेत का तेही पाहावे. नंतर स्कर्टिंग (घराच्या तळाभोवतीचा आडोसा) काढून टॉर्च घेऊन घराखाली शिरावे लागते, आणि हे काम कोणाला आवडत नाही म्हणूनच तिथे सर्वाधिक सापडते: फाटलेले काळे बेली बोर्ड (घराच्या तळाचे आवरण), लोंबणारे इन्सुलेशन, घर जमिनीला बांधून ठेवणारे पण गंजलेले टाय-डाउनचे पट्टे, कललेले खांब. पाण्याचे पाइप करड्या प्लॅस्टिकचे असून त्यांवर ‘पीबी २११०’ असे छापलेले असेल, तर ते पॉलिब्युटिलीन आहे. साधारण १९७८ ते १९९५ या काळात ते सर्रास वापरले गेले आणि पुढे गळतीमुळे बदनाम झाले. सगळी नळयोजना बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा.

हिशेबनीस:

घराची किंमत सहसा उतरत जाते, जमिनीची बहुधा टिकते किंवा वाढते. म्हणून माझे मत स्पष्टपणे जमिनीच्या बाजूने आहे. पार्कमधील घरासाठी मिळणारे कर्ज बहुतेक वेळा वाहनाच्या कर्जाच्या वळणाचे असते, म्हणजे व्याज जास्त आणि मुदत कमी. शिवाय टेक्सासमध्ये भाडेनियंत्रण नाही. पार्कच्या मालकाने भाडे वाढवले तर घर उचलून दुसरीकडे नेण्याचा खर्च इतका येतो की नाव ‘मोबाइल होम’ (फिरते घर) असूनही माणूस मुकाट्याने भाडे भरतो.

जुन्या घराचे कागद मात्र नीट पाहा. टेक्सासमध्ये या घरांची मालकी राज्याच्या गृहनिर्माण खात्याच्या ‘स्टेटमेंट ऑफ ओनरशिप’वर नोंदलेली असते. त्यात घर स्थावर मालमत्ता म्हणून नोंदले आहे का, आणि तशी नोंद काउंटीच्या दफ्तरातही झाली आहे का, हे दोन्ही तपासावे. थकीत कराचा बोजा असल्यास त्याच खात्याच्या संकेतस्थळावर दिसतो. गृहकर्जासाठी पक्का पाया असल्याचा इंजिनिअरचा दाखला लागेल, आणि घर पूर्वी एकदा दुसरीकडून हलवलेले असल्यास अनेक बँका ते नाकारतात.

किनारपट्टी:

हिशेबनीस यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. एक एकर जमीन पूररेषेत असेल तर तिचा आनंद पहिल्याच मोठ्या पावसात ओसरतो, आणि हा भाग किती सखल व सपाट आहे हे हार्वी चक्रीवादळाच्या वेळी, २०१७ साली, साऱ्यांनी पाहिले. फेमाच्या (अमेरिकी सरकारच्या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेच्या) पूरनकाशावर पत्ता घालून पाहा. वारा आणि पूर या दोन्हींचे विमे वेगवेगळे काढावे लागतात, तेव्हा सौदा करण्याआधी दोन्हींचे दर लेखी मागवा. १९९४पूर्वीचे घर म्हटल्यावर काही विमा कंपन्या थेट नकार देतात, आणि विमा नाही तर कर्जही नाही.

केवडा:

सर्वांचे मनापासून आभार. नकाशा पाहिला, जागा पूररेषेच्या बाहेर दाखवली आहे. विम्याचे दर मागवले आहेत. एक अडचण आहे: जुन्या घराला बाहेरून नवे साइडिंग (भिंतींचे बाह्य आवरण) बसवलेले असून संहितेनुसार बांधल्याची खूण म्हणून बाहेर लावलेला हडचा लाल पत्रा कुठेच दिसत नाही, आणि आतली डेटा प्लेटही रंगाखाली गेली आहे.

कडीपाट:

साइडिंग बदलताना तो पत्रा झाकला जातो किंवा फेकला जातो, हे नेहमीचेच आहे. डबल-वाइडच्या प्रत्येक भागाला एक, असे दोन पत्रे असायला हवेत. हड नवा पत्रा देत नाही. त्याऐवजी इन्स्टिट्यूट फॉर बिल्डिंग टेक्नॉलॉजी अँड सेफ्टी या संस्थेकडून लेबल पडताळणीचे पत्र मिळते. त्यासाठी लागणारा घराचा अनुक्रमांक खालच्या सापळ्याच्या पुढच्या पोलादी आडव्या पट्टीवर कोरलेला असतो. स्कर्टिंग काढाल तेव्हाच तारेच्या ब्रशने गंज घासून तो वाचून घ्या आणि ‘स्टेटमेंट ऑफ ओनरशिप’वरील क्रमांकाशी ताडून पाहा. पत्रासाठी विक्रेत्यालाच अर्ज करायला सांगा, आणि ते हातात येईपर्यंत इसार देऊ नका.