खरं मतदान नोव्हेंबरातच का?

खडीसाखर (एडिसन, न्यू जर्सी)
२०२५ च्या जूनमध्ये आमच्याकडे गव्हर्नरपदाची प्रायमरी झाली, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण ते मतदारांनी ठरवायची निवडणूक. आमच्या भिशीत चौदा जणी, सगळ्या नागरिक, सगळ्यांची मतदार नोंदणी झालेली. मत दिलं चौघींनी. बाकीच्यांचं एकच, 'अगं, खरं मतदान नोव्हेंबरात ना?'

डेमोक्रॅटिक बाजूला सहा उमेदवार होते. मिकी शेरिल साधारण एक तृतीयांश मतांवर जिंकल्या आणि नोव्हेंबरात गव्हर्नर म्हणून निवडून आल्या. स्वयंपाक काय करायचा ते जूनमध्ये ठरतं. नोव्हेंबरात पानात पडेल ते खायचं. म्हणून म्हणते, बायकांनो जागे व्हा, प्रायमरीतही मत द्या.

आणि यासाठी तयारी लागते. पूर्वी काउंटीतल्या (म्हणजे जिल्ह्यातल्या) पक्षनेत्यांच्या पसंतीची नावं एकाच ओळीत छापायचे, त्या ओळीत खुणा करत गेलं की काम झालं. सिनेटसाठी उभे असलेल्या अँडी किम यांच्या दाव्यात २०२४ साली कोर्टाने डेमोक्रॅटिक मतपत्रिकेवरची ती पद्धत थांबवली, २०२५ मध्ये कायदाच बदलला. आता पदाप्रमाणे नावं येतात, कोण कोण ते आपणच वाचायचं. नमुना मतपत्रिका पोस्टाने घरी येते हो! आमच्याकडे ती किराणा दुकानाच्या जाहिरातींबरोबर रद्दीत जाते.

भुईनळा
असहमत. प्रायमरी हा पक्षांचा घरगुती मामला आहे. मी कुठल्याच पक्षाचा नाही आणि मला व्हायचंही नाही. न्यू जर्सीत प्रायमरीत मत दिलं की नोंद त्या पक्षात होते. मग वर्गणीचे फोन सुरू.
शिवाय हे आवाहन फक्त बायकांनाच का? १९८० पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत बायकांच्या मतदानाचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्तच आहे. उपदेश आम्हाला करा.

खडीसाखर
तो आकडा नोव्हेंबरचा, तोही चार वर्षांतून एकदाचा. मी जूनबद्दल बोलतेय.

ऑस्टिनची मावशी
भुईनळा, टेक्ससची गोष्ट ऐका. १९१८ च्या मार्चमध्ये इथल्या विधिमंडळाने बायकांना आधी फक्त प्रायमरीत मताचा हक्क दिला. देशभरचा हक्क आला १९२० मध्ये. तेव्हा इथे डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी जिंकली की निवडणूक जिंकल्यातच जमा, त्यामुळे मताधिकार चळवळीच्या नेत्या मिनी फिशर कनिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं तेच दार ठोठावलं. नोंदणीला जेमतेम सतरा दिवस मिळाले. सतरा दिवसांत सुमारे ३ लाख ८६ हजार बायकांनी नावं नोंदवली! (आमच्या मंडळाची गणपतीची वर्गणीदार यादी तीन महिन्यांत पुरी होत नाही.) महाभियोगाने पद गेलेले माजी गव्हर्नर फर्ग्युसन जुलैच्या प्रायमरीत पुन्हा उभे होते, ते तेव्हाचे गव्हर्नर हॉबी यांच्याकडून हरले. बायकांच्या मतांचा त्यात मोठा वाटा होता.

भुईनळा
मावशी, अर्धीच गोष्ट सांगितलीत. या बायका कोण होत्या? बहुतेक सगळ्या गोऱ्या. काळ्या स्त्रियांना ठिकठिकाणी नोंदणीच करू दिली नाही. पुढे तर पक्ष म्हणायचा, आमची खासगी संस्था आहे, कोणाला घ्यायचं ते आम्ही ठरवू. सर्वोच्च न्यायालयाच्या १९४४ च्या स्मिथ विरुद्ध ऑलराइट निकालापर्यंत हे चाललं.

ऑस्टिनची मावशी
मान्य. मी ते सांगायला हवं होतं.
पण 'खासगी संस्था' म्हणजे तुमचा 'घरगुती मामला'च की! सर्वोच्च न्यायालयाने नेमका तोच बचाव फेटाळला.

रातपाळी
मी एक वेगळं बोलू? मी नर्स आहे, रात्रपाळी करते, दोन मुलं आहेत. नवरा यादी पाठवतो, मी तीच नावं भरते. तो वाचतो, मी स्वयंपाक बघते, कामाची वाटणी झाली. यात मी मागासलेली कशी? 'बायकांनो जागे व्हा' वाचलं की मला झोप येते.

खडीसाखर
मागासलेली कोण म्हणतंय? पण रात्रपाळीच्या नर्सला आरोग्यखर्चावर कोणता उमेदवार काय म्हणतो हे नवऱ्यापेक्षा जास्त कळेल, एवढंच. टपाली मतपत्रिका मागवा. न्यू जर्सीत कारण द्यावं लागत नाही, बरेच दिवस हातात असते. रात्री ब्रेकमध्ये पाहता येईल.

रातपाळी
ब्रेक! बरं, मागवते. यादी मात्र त्याच्याकडूनही घेणार.

तळेगावची चिमणी
आम्हाला तुमचा हेवा वाटतो. आमच्याकडे स्थानिक संस्थांत बायकांना ५० टक्के आरक्षण आहे, पण तिकीट कोणाला ते वरून ठरतं आणि बऱ्याचदा 'सौ.'च्या आड साहेबच असतात. २०१४ ला काँग्रेसने वर्धा आणि लातूरला प्रायमरी घेतली होती, पण मत पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना. सामान्य मतदाराला कोण विचारतो! दोन्ही जागा पडल्या, प्रयोगही विरला.

ऑस्टिनची मावशी
एक महत्त्वाचं. ग्रीनकार्डवाल्या आणि व्हिसावाल्या मैत्रिणींनी हे वाचून उत्साहात नाव नोंदवू नका. लायसन्स काढताना मतदार नोंदणीचा प्रश्न आला तर 'नाही'च म्हणा. पुढे नागरिकत्वाच्या अर्जाला ते भोवतं.

भुईनळा
बरं, एक सांगा. प्रायमरीत मत देऊन नंतर पक्षातून नाव काढता येतं का?

खडीसाखर
येतं. एक फॉर्म भरायचा. पण एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी.

भुईनळा
फॉर्म भरला तरी फोन येणारच.

खडीसाखर
येणार. मला तर दोन्ही पक्षांचे येतात.