मदत हवी आहे: अमोनियाचा डायपोल मोमेंट १.४७ डिबाय, मग नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचा फक्त ०.२३ कसा?

मंडळी, लेक अकरावी सायन्सला आहे. सध्या केमिकल बाँडिंग चालू आहे आणि एका प्रश्नावर आम्ही दोघंही अडलोय.

बाँड ध्रुवीय (एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण) असले म्हणजे रेणू ध्रुवीय असतोच असं नाही, इथवर कळलं. कार्बन डायऑक्साइड सरळ रेषेत, दोन्हीकडची ओढ सारखी, बेरीज शून्य. पाण्याचा रेणू १०४.५ अंशांत वाकलेला, म्हणून १.८५ डिबाय उरतात (डायपोल मोमेंट म्हणजे रेणू किती ध्रुवीय त्याचं माप, डिबाय हे त्याचं एकक). बोरॉन ट्रायफ्लोराइड सपाट त्रिकोणी, तोही शून्य. पटलं.

पण अमोनिया आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइड दोघेही पिरॅमिडसारखे. विद्युतऋणतेतला (इलेक्ट्रॉन ओढण्याच्या ताकदीतला) फरकही जवळपास तेवढाच (हायड्रोजन २.१, नायट्रोजन ३.०, फ्लोरिन ४.०). मग डायपोल मोमेंटमध्ये एवढी तफावत का? नोट्समध्ये नुसतं ‘लोन पेअरमुळे’ (म्हणजे बाँडमध्ये न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोडीमुळे) लिहिलंय. अहो, लोन पेअर तर दोघांकडेही आहे! क्वांटम न आणता कुणी सांगेल का?

प्रतिसाद १:
आकृती काढा. नायट्रोजन वर, तीन अणू खाली, लोन पेअर नायट्रोजनच्या डोक्यावर. आता ऋण बाजूकडे बाण काढा. अमोनियात नायट्रोजन इलेक्ट्रॉन ओढतो, म्हणून बाँडचे तिन्ही बाण वर. लोन पेअरचाही वर. बेरीज होते. दुसऱ्यात फ्लोरिन ओढतो, बाण खाली. लोन पेअरचा मात्र वरच. वजाबाकी होते, उरतात ०.२३. ‘लोन पेअरमुळे’ चूक नाही, पण दिशा सांगितल्याशिवाय त्या उत्तराला काही अर्थ नाही.

प्रतिसाद २:
भर घालतो. नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचा कोन १०२ अंश, अमोनियाचा १०७. कोन लहान म्हणजे तिन्ही बाण एकमेकांच्या जास्त जवळ, म्हणजे नुसत्या बाँडची बेरीज उलट वाढायला हवी. तरी ०.२३च! लोन पेअर किती खाऊन टाकते बघा.

धागाकर्ता:
वा, दोघांचेही आभार. लेकीने लगेच पुढचं विचारलं: झेनॉन टेट्राफ्लोराइडमध्ये दोन लोन पेअर, तरी तो अध्रुवीय. त्या समोरासमोर असतात म्हणून ना?

प्रतिसाद १:
बरोबर. एक वर, एक खाली, मधे चार फ्लोरिनचा सपाट चौकोन; सगळंच कटतं. सल्फर टेट्राफ्लोराइडमध्ये लोन पेअर एकच, आकार सी-सॉसारखा, म्हणून तो ध्रुवीय. फ्लोरिन दोन्हीकडे चारच, तेव्हा परीक्षेत नुसतं सूत्र बघून उत्तर लिहू नको म्हणावं.