विद्यार्थी परिषदेची थेट निवडणूक: घ्यावी की नेमणूकच बरी?

गणपूर्ती (धागाकर्ता)

महाराष्ट्रात 1994 च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजातली थेट निवडणूक गेली आणि गुणांवरून प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने ती परत आणली. हा कायदा 1 मार्च 2017 पासून लागू आहे. त्याच्या कलम 99 प्रमाणे अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गांतून आळीपाळीने एक प्रतिनिधी, हे चौघे कॉलेजातल्या सगळ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांनी निवडायचे. वर्ग प्रतिनिधी त्या त्या वर्गाने निवडायचा. 2019 मध्ये वेळापत्रक ठरलं होतं, पण विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर ते पुढे ढकललं, मग कोविड आला आणि विषय मागेच पडला.

अठराव्या वर्षी मुलगी खासदार निवडते. एकविसाव्या वर्षी, म्हणजे साधारण पदवी हातात पडते तेव्हा, तिला ग्रामपंचायत लढवता येते. मधल्या तीन वर्षांत विद्यापीठ तिला देतं काय? मतदार प्रतिज्ञा, वक्तृत्व स्पर्धा, युवा संसद. वक्तृत्वात परीक्षकाचं मन जिंकायचं असतं. निवडणुकीत न पटणाऱ्या चारशे जणांना पटवायचं असतं, हरलं तर दुसऱ्या दिवशी त्यांच्याच शेजारी बसायचं असतं, आणि निवडून आलं तर वर्षभर जाब द्यायचा असतो. याला पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे.

शेवटचं बाक

कायद्यात आहे हे मान्य, पण कॉलेजच्या कॅलेंडरात ते बसत नाही.

विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीने (अहवाल मे 2006, सर्वोच्च न्यायालयाचा अंमलबजावणीचा आदेश त्याच वर्षीच्या सप्टेंबरात) निवडणूक सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत घ्यायला सांगितली. आपल्याकडे व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशफेऱ्या तोवर संपलेल्याही नसतात. मतदार यादीत प्रथम वर्ष अर्धंच येतं. उमेदवाराला 75 टक्के हजेरी हवी, पण नुकत्याच आलेल्या मुलाची हजेरी मोजायची कुठून? मागे विषय राहिलेला नसावा ही अट आहे, आणि आधीच्या सत्राचा निकाल लागलेला नसेल तर छाननीच्या टेबलावर बसलेला प्राध्यापक काय तपासणार? इथेच भांडणं सुरू होतात. अर्ज बाद झालेला मुलगा चार जणांना घेऊन प्राचार्यांच्या दारात उभा राहतो, आणि त्याचं म्हणणं चूकही नसतं.

पैशाचं तर विचारूच नका. उमेदवाराला खर्चमर्यादा 5,000 रुपये, छापील पोस्टर बंद, फक्त हाताने केलेलं चालेल. प्रचार आता मोबाइलवर होतो. गेटबाहेर उभ्या गाड्या, रात्रीची जेवणं, रील करून देणारा माणूस, यांतलं काहीच हिशेबात येत नाही. हिशेब द्यायचा निकालानंतर दोन आठवड्यांत, म्हणजे पद मिळून गेल्यावर. 1994 पूर्वी कॅम्पसवर मारामाऱ्या होत होत्या म्हणूनच ती पद्धत गेली, हेही लक्षात ठेवा.

हिशेबवही

बाक यांनी दाखवलेल्या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यावरून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. समितीनेच म्हटलं होतं की वातावरण ठीक नसेल तिथे तात्पुरती नेमणूक करा, पण पाच वर्षांत निवडणुकीकडे या. ती पाच वर्षं 2011 मध्येच संपली.

अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं मिळून 10 दिवसांच्या वर जाऊ नये, असा नियम आहे. त्यात बसवायचं तर तयारी आधी हवी. निदान पंधरा दिवस आधी मतदार यादी वर्गाबाहेर लावा आणि हरकती लेखी घ्या. पहिल्या दिवशी अर्ज, दुसऱ्या दिवशी छाननी, आणि बाद अर्जाचं कारण एका ओळीत लिहून सहीनिशी हातात द्या. तिसऱ्या दिवशी तक्रार निवारण कक्षाकडे अपील, चौथ्या दिवशी माघार आणि अंतिम यादी. मग चार दिवस प्रचार, एक दिवस मोकळा, दहाव्या दिवशी मतदान आणि त्याच संध्याकाळी मोजणी. लेखी कारण दिलं की निम्मी भांडणं दारापर्यंत येतच नाहीत. निकाल लागला नसेल तर शेवटचा जाहीर झालेला निकाल धरायचा, हे अधिसूचनेतच लिहून टाका. प्रथम वर्षाचा वर्ग प्रतिनिधी प्रवेश संपल्यावर वेगळा निवडता येईल.

खर्चाचं म्हणाल तर रोजचा खर्च रोज संध्याकाळी फलकावर लावायला सांगा. कक्ष तपासेल त्याआधी प्रतिस्पर्धी तपासतात.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. निवडून आल्यावर तो करणार काय? कलम 97 ची महाविद्यालय विकास समिती वर्षातून किमान चारदा बसते, कॉलेजचं अंदाजपत्रक तयार करून व्यवस्थापनाकडे पाठवते, आणि तिच्यात विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष-सचिव सदस्य असतात. किती जणांना हे माहीत असतं? बहुतेक परिषदा स्नेहसंमेलनाच्या मंडपावर आणि डीजेवर वर्ष घालवतात. समितीच्या बैठकीत मुलाला ऐनवेळी बोलावतात, कागद टेबलावर पहिल्यांदा दिसतात, तो गप्प बसतो आणि उपस्थितीच्या रजिस्टरवर सही करून उठतो. कार्यक्रमपत्रिका आठवडाभर आधी मिळाली, तर तो वर्गांतून फिरून माहिती गोळा करील. "वसतिगृहात पाणी येत नाही" असं तोंडी सांगितलेलं इतिवृत्तात येत नाही. "दुसऱ्या मजल्यावर सकाळी सात ते नऊ पाणी नसते, दुसरी टाकी बसवावी, खर्च देखभालीच्या तरतुदीतून करावा" असा लेखी विषय दिला, की समितीला हो किंवा नाही लिहावंच लागतं. नेतृत्व शिकायचं ते इथे.

पाऊलवाट

तुम्ही तिघेही गेटच्या आतच फिरताय. नागरिक म्हणून घडणं हे पदाधिकारी होण्याइतकं अरुंद नाही. हजार मुलांच्या कॉलेजात चौघे निवडून येणार, बाकीच्या 996 जणांचं काय?

राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 ला 37 विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं शिबिर, हा साचा तयार आहे. नव्या अभ्यासक्रमात समाजाशी जोडलेल्या कामाला श्रेयांकही आहेत. बिघडतं ते कामाच्या निवडीत. खड्डे खणायचे, रोपं लावायची, बॅनरसकट फोटो काढायचा आणि अहवाल पाठवायचा. रोपं जगली का, हे बघायला उन्हाळ्यात कोणी जात नाही. त्याऐवजी शिबिराच्या गावात मुलांना ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक वाचायला द्या. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ती भरली का, बायका किती आल्या, कोणता ठराव चर्चेविना झाला, हे टिपून घेऊ द्या.

आणि मतदार नोंदणी नीट करा. आता वर्षात चार अर्हता तारखा (अठरा पूर्ण झाली का हे ज्या दिवशी बघतात) आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची 1 तारीख. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. वसतिगृहातल्या मुलाला तिथल्या पत्त्यावर नमुना 6 (नव्या मतदाराचा अर्ज) भरता येतो, मात्र अभ्यासक्रम किमान एक वर्षाचा हवा आणि कॉलेजचं बोनाफाइड जोडावं लागतं. ते काउंटरवर वेळेत मिळत नाही आणि अर्ज तिथेच अडकतो. दुसरी गोष्ट मुलांना कोणी सांगत नाही: नाव शहरात नोंदवलं की गावच्या ग्रामसभेतलं मत जातं. दोन्हीकडचा विचार करून त्याने ठरवावं, शिबिराच्या टेबलावर घाईत फॉर्म भरून घेऊ नये.

गणपूर्ती

पाऊलवाट, ग्रामसभेचं पटलं. पण ठराव चर्चेविना झाला हे टिपणारा मुलगा स्वतःच्या कॉलेजात नेमलेल्या परिषदेखाली शिकतो, ही विसंगती त्याला दिसतेच. शिवाय आत सराव नसला की बाहेरही माणूस येत नाही. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधर 10 जण निवडतात. 2023 ची निवडणूक स्थगित झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, सप्टेंबर 2024 मध्ये मतदान झालं, आणि एवढ्या मोठ्या विद्यापीठाच्या यादीत मतदार होते 13 हजारांच्या आसपास.

शेवटचं बाक

त्या अधिसभा निवडणुकीत लढत विद्यार्थी संघटनांमागच्या पक्षांचीच होती, हे तुम्ही गाळलंत. कॉलेजात तेच होईल ही माझी भीती अजून गेलेली नाही. तरी हिशेबवहींचं वेळापत्रक वापरून बघण्यासारखं आहे. माझी अट एकच: पहिल्या वर्षी फक्त वर्ग प्रतिनिधींची थेट निवडणूक घ्या. साठ-सत्तर जणांच्या वर्गात एकमेकांना सगळे ओळखतात, तिथे पैसा फारसा चालत नाही. अध्यक्ष-सचिव पुढच्या वर्षी.

हिशेबवही

कलम 99 असा टप्पा मान्य करत नाही. चारही जागा त्याच वर्षी भराव्या लागतील. वर्गाची निवडणूक आठवडाभर आधी घ्या, मोजणीची आणि यादीची तालीम तिथे होऊन जाईल.